कळप कुणाचा?

१८९१ च्या उन्हाळ्यात सायबेरियाच्या ईशान्य किनाऱ्यावर एक अजब सौदा चालला होता. अमेरिकेच्या महसूल खात्याचे 'बेअर' हे जहाज नांगर टाकून उभे होते आणि त्याचा कप्तान मायकेल हीली चुकची लोकांकडे रेनडिअर मागत होता. चुकचींकडे जनावरांना तोटा नव्हता. मारलेले जनावर विकायलाही त्यांची ना नव्हती. मांस घ्या, कातडी घ्या. जिवंत जनावर मात्र परक्याच्या हाती द्यायचे म्हटले की माणसे मागे सरत. ठिकठिकाणी नन्नाचा पाढा ऐकल्यावर कशीबशी सोळा जनावरे मिळाली. त्यांचे पाय बांधून ती होडीत आडवी टाकली, जहाजापर्यंत आणली आणि दोराने उचलून वर घेतली. समुद्राचा प्रवास त्यांना मानवेल का, एवढेच त्या वर्षी पाहायचे होते. मानवला.

हा हीली मोठा वेगळा माणूस. बाप जॉर्जियातला आयरिश मळेवाला, आई त्याच मळ्यावरची गुलाम. त्या काळच्या कायद्याने जन्मतः गुलाम ठरलेला हा मुलगा पुढे अमेरिकी सरकारी जहाजाचा कप्तान झाला आणि अलास्काच्या किनाऱ्यावर त्याचा शब्द म्हणजे कायदा झाला. दारूचा भोक्ता, तोंडाचा फाटका. त्यापायी पुढे त्याच्यावर खटलाही भरला गेला. पण दरवर्षी तो त्या किनाऱ्याने जायचा आणि गावे कशी ओस पडत चालली आहेत ते डोळ्यांनी पाहायचा.

ओस पडायला कारणही तसेच होते. १८४८ मध्ये पहिले अमेरिकी देवमासेमारू जहाज बेरिंगच्या सामुद्रधुनीतून पलीकडे गेले आणि मग रांगच लागली. देवमासे विरळ झाले तशी ही मंडळी तेल आणि सुळ्यांसाठी वॉलरसच्या मागे लागली. इनुपिआट आणि युपिक या तिथल्या मूळ रहिवाशांचा सारा संसार या दोन प्राण्यांवर उभा. १८७८ ते १८८० च्या दुष्काळात एकट्या सेंट लॉरेन्स बेटावरची दोन-तृतीयांश माणसे गेली. जमिनीवरही तीच गत. बंदुका आल्या, त्यातच कॅरिबूंची संख्या घटत गेली, आणि सीवर्ड द्वीपकल्पावरून तर ते जवळपास नाहीसे झाले. कॅरिबू आणि रेनडिअर हा प्राणी एकच. अमेरिकेत जो रानटी राहिला तो कॅरिबू. सायबेरियात आणि स्कँडिनेव्हियात माणसाने जो माणसाळवला तो रेनडिअर. सामुद्रधुनीच्या एका काठाला हा प्राणी हजारोंनी पाळलेला आणि दुसऱ्या काठाला माणसे उपाशी. हीलीच्या डोक्यात आले, ते इकडे आणावेत.

ही कल्पना उचलून धरली शेल्डन जॅक्सनने. प्रेस्बिटेरियन मिशनरी, अंगाने लहानखुरा, उरकाचा जबरदस्त आणि त्यातच अलास्कातल्या शिक्षणाचा सरकारी प्रमुख. अमेरिकी काँग्रेसने पैसे नाकारले तेव्हा त्याने वर्तमानपत्रांतून आवाहन करून दोन हजार डॉलरच्या वर वर्गणी जमवली. त्याच्या मनात भूक भागवणे होतेच, पण तेवढेच नव्हते. शिकारीमागे भटकणाऱ्या माणसाला पशुपालक करायचे, एका जागी बसवायचे, शाळेत आणि चर्चमध्ये आणायचे, असा सगळा बेत होता. या योजनेत पोट आणि 'सुधारणा' पहिल्या दिवसापासून एकाच दावणीला बांधलेली होती. पुढची बरीचशी भांडणे तिथूनच निघाली, असे मला वाटते.

४ जुलै १८९२ रोजी पोर्ट क्लॅरेन्सला पहिली त्रेपन्न जनावरे उतरली. हंगाम संपेपर्यंत ती १७१ झाली. तळाला टेलर असे नाव दिले. राखणीला आणि शिकवायला चुकची गुराखी आणले होते. इनुपिआटांचे आणि त्यांचे जुने वैर, आणि गोऱ्या अधिकाऱ्यांना त्यांची पद्धत रानवट वाटायची. १८९४ मध्ये जॅक्सनने विल्यम शेलमान या अधिकाऱ्याकरवी नॉर्वेच्या काउतोकेइनो भागातून रेनडिअर पाळणारी सामी कुटुंबे आणवली. टोकदार टोप्या, जोड्यांत मोज्यांऐवजी वाळवलेले मऊ गवत, हाताशी तरबेज कुत्री आणि नावेसारखी एकखांबी घसरगाडी. कळपामागे दिवसरात्र हिंडायचे, माद्यांचे दूध काढायचे, नरांना ओढकामाला लावायचे, ही त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची विद्या होती.

शिकणाऱ्या इनुपिआट तरुणाला दरसाल दोन-चार जनावरे बिदागी म्हणून मिळायची. मिशनला किंवा विश्वासातल्या माणसाला सरकार एक अख्खा कळप उसना द्यायचे: मुद्दल काही वर्षांनी परत करायचे, मधल्या काळातली पिल्ले आपली. आपल्याकडे अर्धलीने शेळी पाळायला देतात तसलाच हा व्यवहार, फक्त अटी बऱ्याच सैल. अशा बोलीवर १८९५ मध्ये शंभरावर जनावरे ज्याला मिळाली तो चार्ली अँटिसार्लूक हा स्वतःचा कळप असलेला पहिला इनुपिआट. त्याची बायको मेरी. आई इनुपिआट, बाप रशियन. तीन भाषा येत असल्याने हीलीच्या जहाजावर ती दुभाषी म्हणून गेलेली. चार्लीला इंग्रजी येत होते, पण सौदा ठरवताना मेरी शेजारी लागायची.

या जोडप्याची कसोटी लवकरच लागली. १८९७ च्या शरद ऋतूत बर्फ लवकर आला आणि पॉइंट बॅरोजवळ आठ देवमासेमारू जहाजे अडकली. 'ओर्का' हे जहाज तर बर्फाने चिरडूनच टाकले. अडीचशेहून जास्त खलाशी अमेरिकेच्या अगदी उत्तर टोकाला अडकून पडले आणि वसंतापर्यंत ते उपाशी मरतील, अशी ओरड सॅन फ्रान्सिस्कोच्या वर्तमानपत्रांनी केली. अध्यक्ष मॅकिन्लीने हुकूम सोडला. २७ नोव्हेंबरला 'बेअर' पुन्हा निघाले, या वेळी कप्तान टटलच्या हाताखाली. पण हिवाळ्यात बॅरोच्या जवळपासही जहाज पोचणे शक्य नव्हते. १६ डिसेंबरला नेल्सन बेटावरच्या टुनुनाक गावाजवळ तीन माणसे उतरली: लेफ्टनंट डेव्हिड जार्विस, लेफ्टनंट एल्सवर्थ बर्थॉल्फ आणि डॉक्टर सॅम्युअल कॉल. तिथून बॅरो दीड हजार मैल. इतके अन्न गाडीवर लादून नेणे अशक्य, तेव्हा अन्नालाच पायी चालवत न्यायचे असे ठरलेले. जार्विसने वाटेत चार्लीचा आणि प्रिन्स ऑफ वेल्स भूशिरावरच्या मिशनचा असे दोन कळप मिळवायचे होते.

कुत्र्यांच्या गाड्यांनी महिनाभर रखडत जार्विस जानेवारीत चार्लीच्या दारी पोचला. या भेटीची आपल्याला धास्ती होती, असे त्याने अहवालात नोंदवले आहे. धास्ती योग्यच होती. कळप चार्लीचा. तो हुकमाने घेता येत नव्हता, आणि दिला नसता तर सारी मोहीम तिथेच आटोपली असती. जार्विसने सगळे सांगितले: तिकडे माणसे मरतील, जनावरे सरकार परत करील, मधल्या काळातल्या वाढीसकट परत करील. चार्ली आणि मेरीने आपसांत बराच वेळ विचार केला. त्यांना स्वतःपेक्षा गावाची चिंता पडली होती. शिकार हुकली की शेजारपाजारची कुटुंबे त्यांच्याच कळपाकडे पाहत. ज्या लोकांनी देवमासे संपवले त्यांच्यासाठी, देवमासे संपल्यामुळे मिळालेला कळप सोडायचा, असा तो हिशेब होता. तसे शब्दांत कुणी बोलले नसेल कदाचित. दोघांनी होकार दिला. शिवाय चार्ली स्वतः कळपाबरोबर जायला निघाला. मेरी मागे राहिली.

वेल्सला टॉम लॉप हा मिशनचा शिक्षक होता. चारच वर्षांपूर्वी, १८९३ मध्ये, याच गावात त्याच्या सहकारी मिशनऱ्याचा खून झालेला. तरीही बायको एलन आणि लहान मुले तिथे ठेवून लॉप निघाला. शाळा आणि मिशन एलनने एकटीने सांभाळले. दोन्ही कळप मिळून साडेचारशेच्या आसपास जनावरे फेब्रुवारीच्या आरंभी उत्तरेला लागली, आणि हाकायला लॉप, चार्ली आणि काही तरुण इनुपिआट गुराखी.

रेनडिअर हाकणे म्हणजे गुरे हाकणे नव्हे. हिवाळ्यात हा प्राणी जगतो मुख्यतः शैवाकावर, आपल्या मसाल्यातल्या दगडफुलाच्या जातकुळीतल्या खाद्यावर. ते बर्फाखाली असते. जनावर नाकाने वास घेते, पुढच्या खुराने खड्डा करते आणि त्यात मुंडी घालून खाते. त्यामुळे चालायचे तितकेच थांबायचेही असते. चरू दिले नाही तर चार-सहा दिवसांत कळप बसतो. चालताना पायातले स्नायुबंध हाडावरून सरकून टक-टक आवाज होतो. एकाचा आवाज बारीक, पण शेकडोंचा मिळून अंधारातही कळप कुठे आहे ते कळते. आणि सगळ्यात वाईट खोड म्हणजे घराची ओढ. वारा अंगावर घेत तो मुकाट चालेल, पण रात्री राखणदाराची नजर चुकली की तोंड वळवून आल्या वाटेने निघालाच.

कोट्झेब्यूच्या आखातावर हे सगळे एकदम अंगावर आले. आखाताला वळसा घातला तर आठवडे जाणार, म्हणून लॉपने कळप सरळ गोठलेल्या समुद्रावर घातला. समुद्रावर शैवाक कुठून असणार? पुढे किनारा दिसत नाही, मागे ओळखीची जमीन, आणि कळप रात्री मागे फिरू लागलेला. गुराख्यांनी तो पुन्हा वळवला आणि पलीकडचा काठ गाठला.

२९ मार्च १८९८ रोजी ३८२ जनावरे बॅरोला पोचली. वाटेत काही मेली, काही लांडग्यांनी खाल्ली, काही पळाली, काही पोटात गेली. दीड हजार मैलांच्या मोहिमेचा हा हिशेब वाईट मुळीच नाही. गंमत पुढेच आहे. बॅरोला खलाशी हाडकुळे, काळवंडलेले आणि रोगट होते, पण उपासमारीने कुणी मरत नव्हते. तिथला व्यापारी चार्ल्स ब्राउअर आणि स्थानिक शिकारी हिवाळाभर आत रानात जाऊन कॅरिबू मारून आणत होते. जार्विसने येऊन कोंदट घरे साफ करवली, माणसांना शिस्त लावली, खेळायला बाहेर काढले. त्यामुळे कित्येक वाचले असतील. पण कळप नसता तर काय झाले असते यावर इतिहासकारांत आजही एकमत नाही. काँग्रेसने जार्विस, बर्थॉल्फ आणि कॉल यांना सुवर्णपदके दिली. ज्याच्या मालकीची जनावरे होती तो चार्ली त्या पदकांच्या यादीत नव्हता.

त्याच हिवाळ्यात रेनडिअरच्याच नावाने दुसरी एक मोहीम निघाली. ती वाचताना हसावे की रडावे कळत नाही. कॅनडातल्या क्लोन्डाइकमधले सोनेशोधक उपाशी मरत आहेत अशी हूल उठली आणि काँग्रेसने दोन लाख डॉलर मंजूर केले. सहा वर्षांमागे दोन हजारांसाठी जॅक्सनला झोळी फिरवावी लागली होती, हे इथे आठवले पाहिजे. तो आणि शेलमान नॉर्वेला धावले. ४ फेब्रुवारी १८९८ रोजी आल्टाच्या बंदरातून 'मॅनिटोबन' जहाज ५३९ जनावरे आणि शंभरावर माणसे घेऊन निघाले. बहुतेक सगळे सामी, काही फिन, काही नॉर्वेजियन, बायकामुलांसकट. हिवाळी अटलांटिकची खवळलेली सफर. तीत एकच जनावर दगावले. न्यूयॉर्कहून खास आगगाडीने सगळे सिॲटलला आले. तोपर्यंत सरकारला कळले होते की क्लोन्डाइकमध्ये कुणी उपाशी नाही.

मग जनावरांचे काय करायचे, हे कुणालाच ठाऊक नव्हते. सिॲटलच्या बागेत त्यांना ठेवले. बघ्यांची झुंबड उडाली. नॉर्वेहून आणलेला शैवाकाचा साठा संपत आला होता आणि बागेतले गवत या पोटांना मानवेना. पुढे जहाजाने अलास्कातल्या हेन्सला नेईपर्यंत आणि तिथून डोंगर चढवेपर्यंत ती पटापट मरू लागली. समुद्रात एक मेले होते. जमिनीवर शेकडो मेली. वर्षभराने, १८९९ च्या जानेवारीत, युकॉन नदीच्या काठी सर्कल सिटीला पोचली ती शंभर-सव्वाशे.

माणसे मात्र टिकली आणि त्यांनी अलास्काचा नकाशा बदलला. याच जथ्यातून आलेला याफेट लिंडेबर्ग हा नॉर्वेजियन तरुण रेनडिअर सोडून सोन्याच्या मागे लागला आणि सप्टेंबर १८९८ मध्ये दोघा साथीदारांसह ॲन्व्हिल ओढ्यात त्याला सोने सापडले. दोन वर्षांत तिथे नोम हे बारा हजार वस्तीचे शहर उभे राहिले. चार्ली आणि मेरीचा मुलूख तिथून हाकेच्या अंतरावर.

नोमबरोबर गोवर आणि इन्फ्लुएन्झा आला. १९०० च्या उन्हाळ्यात गावेच्या गावे आडवी झाली. चार्ली गेला. मेरी वाचली, मूल नव्हते. चार्लीच्या भावांनी अख्खा कळप मागितला. विधवा, त्यातून स्थानिक बाई, तिला जनावरांवर कसला हक्क, असा एकूण सूर होता. ती हटली नाही, भांडली, आणि तिला अर्धा कळप मिळाला. मग खाणवाले आले. कुणी जनावरे चोरली, कुणी गोळ्या घातल्या, कुणी लग्नाची मागणी घातली. डोळा सगळ्यांचा कळपावरच. तिने कळप नोमपासून दूर, उनालाक्लीटच्या बाजूला हलवला, आपल्या मनाने आंद्रेवुक या माणसाशी लग्न केले, साथीत पोरकी झालेली मुले वाढवली आणि तरुणांना राखणीला ठेवून शिकवले. तिला 'रेनडिअरची राणी' म्हणत. सरकारी योजनेला जो मालक हवा होता तो मेरीसारखाच. पण मेरीला तो हक्क टिकवायला त्याच व्यवस्थेशी झगडावे लागले.

१९०५ मध्ये चौकशी झाली तेव्हा निघाले की तोवर झालेल्या दहा हजारांवर जनावरांपैकी निम्मीही स्थानिकांच्या नावावर नव्हती. बाकी मिशनची, सरकारची आणि सामींची. जॅक्सनला पद सोडावे लागले. स्थानिकांनी मादी बाहेरच्यांना विकू नये असा नियम होता, पण सामींवर तो लागू आहे की नाही हे संदिग्धच राहिले. नेमक्या त्याच फटीतून १९१४ मध्ये नोमचे लोमेन बंधू आत शिरले. बाप वकील, मुले व्यापारी. आल्फ्रेड निलिमा या सामी पशुपालकाकडून त्यांनी बाराशेच्या आसपास जनावरे विकत घेतली आणि रेनडिअरचे मांस अमेरिकेला खाऊ घालायचा धंदा मांडला. शीतगृहे, जहाजे, जाहिराती, सगळे त्यांनी केले. १९२६ च्या नाताळात कार्ल लोमेनने मेसीज या दुकानाशी हातमिळवणी करून शहराशहरांतून सँताक्लॉज आणि खऱ्याखुऱ्या रेनडिअरच्या मिरवणुका काढल्या. जगभरच्या मुलांच्या मनात या जनावराचे जे चित्र आहे त्यात नोमच्या मांसव्यापाऱ्यांचा वाटा बराच मोठा आहे.

मांस काही म्हणावे तसे खपले नाही. गोमांसवाल्यांनी कडवा विरोध केला. कळप मात्र फुगत गेले. सामींची दिवसरात्र राखण महाग पडते म्हणून जनावरे मोकळी सोडायची आणि वर्षातून एकदा गोळा करायची, अशी पद्धत पडली. कळप एकमेकांत मिसळले. मालकी कळायची ती कानाला पाडलेल्या खाचेवरून. खाच नसलेले पिल्लू कुणाचे, यावर तंटे झाले, आणि तंट्यात ज्याच्याकडे कागद आणि वकील त्याची सरशी ठरलेली. १९३० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत अलास्कात सहा लाखांवर रेनडिअर झाले होते. शैवाक वर्षाला काही मिलिमीटर वाढतो. खाऊन, तुडवून साफ झालेली जमीन पूर्ववत व्हायला दशके लागतात.

त्याआधीच लोमेननी एक मोठा सौदा केला होता. तीन हजार जनावरे कॅनडाच्या मॅकेन्झी नदीच्या मुखाशी पोचवायची. १९२९ च्या नाताळात कोट्झेब्यूजवळून कळप निघाला. मुकादम होता अँडी बाहर, 'मॅनिटोबन'मधून आलेला, आता साठीच्या आसपासचा सामी. दीड वर्षाचा अंदाज होता; लागली पाच वर्षे. हिमवादळे, लांडगे, आणि तीच जुनी खोड: शेकडो जनावरे उलटी फिरून घरी गेली. मुखाजवळचा गोठलेला त्रिभुज प्रदेश ओलांडायचा पहिला प्रयत्न वादळाने उधळला आणि पुन्हा एक वर्ष थांबावे लागले. ६ मार्च १९३५ रोजी कळप हवाली केला तेव्हा २,३७० च्या आसपास जनावरे होती. त्यातली बहुतेक वाटेत जन्मलेली.

दोनच वर्षांनी, १९३७ च्या सप्टेंबरात, काँग्रेसने कायदा केला: अलास्कातले रेनडिअर फक्त तिथल्या मूळ रहिवाशांच्या मालकीचे. सरकारने लोमेन आणि सामी पशुपालकांचे कळप विकत घेतले. सामींना हा तडाखा जबर बसला. चाळीस वर्षांमागे शिकवायला म्हणून आणलेली माणसे एका सहीने धंद्याबाहेर गेली. आणि इनुपिआटांच्या हाती जे आले ते ओसरत होते. चरण संपलेले, लांडगे वाढलेले, मोकळे कळप रानात पांगलेले. १९५० पर्यंत सहा लाखांचे पंचवीस हजार उरले. मेरी १९४८ मध्ये वारली.

कायदा आजही आहे. मध्यंतरी एका बिगरस्थानिकाने कॅनडातून रेनडिअर आणून पाळले आणि १९९७ मध्ये अपील न्यायालयाने ठरवले की बाहेरून आणलेल्या जनावरांना तो कायदा लागत नाही. त्याच दशकात सीवर्ड द्वीपकल्पावर खरा दावेदार दाखल झाला. शंभर वर्षांपूर्वी तिथून गेलेले कॅरिबू परतले. पश्चिम आर्क्टिक कॅरिबूंचा कळप १९७६ मध्ये ७५ हजारांवर घसरला होता. तो वाढत गेला, हिवाळे द्वीपकल्पावर काढू लागला आणि २००३ मध्ये ४ लाख ९० हजारांवर गेला. कॅरिबू आले की रेनडिअर त्यांच्यात मिसळतात आणि वसंतात त्यांच्याबरोबर उत्तरेला निघून जातात. इनुपिआट पशुपालकांची हजारो जनावरे अशी गेली. काहींकडे एकही उरले नाही. फेअरबँक्सच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी काही रेनडिअरच्या गळ्यात उपग्रहाला जोडलेले पट्टे बांधून दिले. त्यामुळे कळप कुठे चालला आहे ते पशुपालकाला घरबसल्या संगणकावर दिसते. स्नोमोबाइल काढून तो वेळेत वळवता आला तर आला. नाहीतर त्या वर्षाचा हिशेब तिथेच मिटवायचा.